तुझं उत्तर अजून यायचंय

तिला घरीदारी सगळे पोचपावती म्हणत. नाव ठेवलं वडिलांनी, तेही ती शाळेत जायच्या वयात. बाबा वेताच्या खुर्च्या विणायचे. खुर्ची तयार झाली की गिऱ्हाइकाला निरोप द्यायला तिला पिटाळायचे. दुसरं कुठलंही पोर रस्त्यातूनच हाळी देऊन परत आलं असतं. ही मात्र दारात उभी राहायची आणि आतून कुणीतरी येऊन "बरं, कळलं" म्हणेपर्यंत हलायची नाही. एकदा त्या घरची सगळी माणसं दुपारची गाढ झोपली होती, तर ही उन्हं उतरेपर्यंत पायरीवर बसून राहिली आणि इकडे घरात शोधाशोध सुरू झाली. "ही पोर आहे की पोचपावती?" असं बाबा म्हणाले आणि ते नाव चिकटलं ते कायमचंच.

पुढे ती शिकली, सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागली, आणि तिथेही नेमकं हेच काम तिच्या गळ्यात पडलं. ॲप दिसायला कसं असावं, बटण निळं की हिरवं, यावर बाकीचे भांडायचे. तिच्याकडे खालचं काम. ॲपला लांबच्या एखाद्या मशीनकडे काही पाठवायचं असलं, की आधी फोनला नेटवर्क आहे का ते बघायचं आणि मग ते मशीन स्वतः बोलतंय का ते बघायचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ती कुणालाही समजावून सांगायची, समोरच्यानं विचारलेलं नसलं तरी. नेटवर्क म्हणजे रस्ता. रस्ता चांगला आहे म्हणून पलीकडच्या घरात माणूस असेलच असं नाही. म्हणून तिचा प्रोग्रॅम आधी नुसतीच हाक मारायचा, "आहेस का?" पलीकडून "आहे" आलं की पुढचं बोलणं. नाही आलं की स्क्रीनवर लाल पट्टी, 'संपर्क होत नाही'. ऑफिसातल्या एकानं तिचं घरचं नाव कुठून तरी काढलं आणि तिथेही ती पोचपावतीच झाली. ती रागावली नाही. उलट जरा सुखावलीच.

सध्याचं ॲप होतं एका रुग्णालयाचं. त्यांच्या सिस्टर घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांना बघायच्या. रक्तदाब, ताप, जखमेची अवस्था, जे काही असेल ते फोनवर भरायचं आणि तिथूनच पाठवायचं, म्हणजे तिकडे डॉक्टरांना लगेच दिसतं. लाल पट्टी आली की सिस्टरचं काम दुप्पट. रुग्णालयात परत जायचं आणि सगळं पहिल्यापासून भरायचं.

नदीकडच्या खालच्या वस्तीतून तक्रारी यायला लागल्या, की तिथं गेलं की हटकून लाल पट्टी येते. पोचपावतीनं ऑफिसात बसून पुन्हा पुन्हा तपासलं. हाक मारली की डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर हजर. तरी उगाच कुणावर अन्याय नको म्हणून तिनं तीन सेकंद थांबायची मुदत ठेवली होती, आणि ती तिला भरपूर वाटत होती. मुदत संपली की तो प्रश्न खोडायचा आणि नव्यानं हाक मारायची. खोडलेल्या प्रश्नाचं उत्तर मागाहून आलंच, तर ते बिनकामाचं म्हणून फेकून द्यायचं. हा नियमही तिचाच. "ॲपमध्ये काही दोष नाही, तिकडचं नेटवर्कच भिकार आहे," असं सांगून तिनं तक्रार मिटवून टाकली. बाईचं माहेर त्याच वस्तीत होतं, पण ऑफिसच्या खुर्चीत बसलं की माणसाला माहेर कुठलं आठवतंय!

माहेरी आता बाबा, दादा आणि वहिनी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांना झटका आला तो दुकानातच, हातात वेत असताना. उजवी बाजू गेली. डावा हात चालत होता, डोळे पूर्वीसारखेच मिश्कील होते, पण बोलणं पार विस्कटलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, तरी फार आशाही दाखवली नव्हती. कळतंय किती आणि नाही किती, हे सांगणं कठीण आहे, असं म्हणाले होते.

घरच्यांना मात्र दिवसागणिक वाटायला लागलं की कळत नाही. कारण बाबा बोलायचे ते भलतंच. "पंखा लावू का?" असं विचारलं की नुसते बघत बसायचे. विचारणारा पंखा लावून टाकायचा आणि म्हणायचा, "आज कुणी आलं होतं का?" त्यावर बाबा म्हणायचे, "नको, गार होतंय." वहिनी पदराआड तोंड करून हसायची आणि मग स्वतःलाच रागावायची. दादा हसायचा नाही. तो औषधांच्या गोदामात नोकरीला होता. पहाटे उठून बापाला न्हाऊ घालायचा, दाढी करायचा, कपडे चढवायचा आणि धावत कामाला जायचा. त्यात कधी कसूर नाही. पण या सगळ्यात बापाच्या तोंडाकडे बघत बसायला त्याला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याच्यात तेवढा धीरही नव्हता. ज्या बापाच्या कोपरखळ्यांनी सगळा बाजार हसायचा, त्यानं असं असंबद्ध बोलावं हे त्याला बघवायचं नाही.

दुकान बंदच होतं. शेजारी तसबिरींना चौकटी करणारा एक जण होता, त्याला ती जागा हवी होती. माणूस भला होता, घाई करत नव्हता. पण बंद शटरच्या आत वेताला बुरशी धरायला लागली, तेव्हा दादानं मनावर घेतलं. गिऱ्हाइकांच्या खुर्च्या ज्याच्या त्याला पोचत्या केल्या. एकच उरली, अर्धी विणलेली, ठेंगणी, रुंद पाठीची. कुणाची ते कळेना. ती तशीच चौकटवाल्याला द्यायची ठरली.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी, पोचपावती घरी आलेली असताना, दादानं बाबांसमोर बसून रीतसर विचारलं होतं.

"बाबा, दुकान देऊन टाकू का? तुम्ही सांगाल तसं करतो."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ जरा हलले. दादा थांबला. पोचपावतीही थांबली. घड्याळ लावून सांगायचं तर दोघं चांगले तीनचार सेकंद थांबले असतील. मग तीच म्हणाली, "त्यांना कळत नसेल रे. किती त्रास देतोस? तूच ठरव." दादानं मान हलवली आणि तोंड पुसत उठला. तेवढ्यात वहिनी सुपाची वाटी घेऊन आली. "बाबा, गरम आहे तोवर घेता ना?" आणि बाबा एकदम मोठ्यानं म्हणाले, "नको. अजिबात नको." इतकं तोडून ते झटक्यानंतर पहिल्यांदाच बोलले होते. वहिनी बिचारी वाटी घेऊन परत गेली. बाबा त्या दिवशी उपाशीच झोपले, आणि आपल्या हाताला चव राहिली नाही की काय, असं वहिनीला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

किल्ली द्यायचा दिवस उजाडला. तोही सुट्टीचाच. आपण दादाच्या सोबत असावं म्हणून पोचपावती सकाळीच आली होती. दादा दुपारी जेवून किल्ली घेऊन जाणार होता. वहिनी स्वयंपाकघरात, बाबा खिडकीपाशी, आणि त्याच रुग्णालयाची सिस्टर त्यांच्या पुढ्यात रक्तदाबाचं यंत्र मांडून बसलेली. ही सिस्टर मोठी बोलघेवडी. हात कामात आणि तोंड गप्पांत. पोचपावती ॲप बनवते हे तिच्या गावीही नव्हतं. काम अर्धं झाल्यावर तिनं फोनकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"घ्या, आली लाल पट्टी. ताई, तुम्हाला सांगते, हे ज्यानं कुणी बनवलंय ना, त्याला एकदा इथं आणून उभं केलं पाहिजे."

"उभी आहे," पोचपावती म्हणाली.

सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं, आणि जीभ चावली. "म्हणजे तसं ॲप चांगलंय हो," ती म्हणाली.

पोचपावतीला हसू आलं आणि लाजही वाटली. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये याच ॲपची कच्ची प्रत होती, तपासणीसाठी ठेवलेली. तिच्यात कोपऱ्यात दोन ठिपके दिसायचे. हाक गेली की एक लुकलुकायचा, उत्तर आलं की दुसरा. ती फोन घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली. लहानपणी निरोप देऊन बसायची, तशीच.

पहिला ठिपका लुकलुकला. ती वाट बघत राहिली. मुदत संपली, लाल पट्टी आली, ॲपनं लगेच दुसरी हाक मारली. आणि तेवढ्यात दुसरा ठिपका लुकलुकला. उत्तर आलं होतं! पण ते पहिल्या हाकेचं. पहिली हाक तर खोडून झाली होती, म्हणून ॲपनं ते उत्तर न बघताच फेकलं. मग दुसऱ्या हाकेचंही तसंच झालं आणि तिसऱ्याही. पलीकडचं मशीन एकूण एक हाकेला इमानेइतबारे 'आहे, आहे' म्हणत होतं. लांबच्या, अरुंद वाटेनं ते उत्तर जरा उशिरा पोचत होतं, एवढंच. आणि इकडे ॲप म्हणत होतं, संपर्क होत नाही.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

मागं दार उघडंच होतं. आतून सिस्टरचा आवाज येत होता.

"आजोबा, रात्री झोप लागली का नीट?" पट्टा गुंडाळल्याची करकर. "हात दुखतो का हा?"

"लागली की," बाबांचा आवाज.

"हात लागला? कुठं लागला? काही दिसत तर नाही." सिस्टर हसली. "बरं, खोकला आहे का अजून?"

"दुखतो. खांद्यात."

"खोकला खांद्यात दुखतो? वा आजोबा."

पोचपावतीच्या हातातला फोन तसाच राहिला. ठिपके लुकलुकत होते, पण ती बघत नव्हती. झोप लागली की. हात दुखतो, खांद्यात. पंखा नको, गार होतंय. बाबा भलतं बोलत नव्हते. बाबा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते, अगदी बरोबर उत्तर. ते पोचेपर्यंत घरातल्यांनी तो प्रश्न सोडून दिलेला असायचा आणि दुसरा विचारलेला असायचा.

आणि मग तिला सुपाची वाटी आठवली.

ती उठली ती धावतच आत आली. दादा कपाटावरून किल्ल्यांचा जुडगा काढत होता.

"दादा, थांब. बाबांनी तुला उत्तर दिलंय."

"कसलं उत्तर?"

"दुकानाचं. त्याच दिवशी दिलं होतं. वहिनी सूप घेऊन आली तेव्हा 'नको' म्हणाले ना, ते सुपाला नव्हतं. ते तुला होतं."

दादा जुडगा हातात घेऊन तिच्याकडे वळला. तिनं भरभर सांगितलं, ठिपके, उशिरा येणारी उत्तरं, सिस्टरचे प्रश्न. तिचं बोलणं संपायच्या आतच त्याचा चेहरा उतरला, आणि मग तो चिडला. माणूस आतून हलला की आधी चिडतो.

"तुझं ऑफिस घरात आणू नकोस. मी रोज असतो त्यांच्यापाशी. रोज सकाळी अंघोळ घालतो. मला कळलं नसतं?"

"मलाही नाही कळलं. 'तूच ठरव' असं मीच म्हणाले होते."

"आणि समजा म्हणाले असतील नको, तर? विणणार कोण? मी?"

"ते मला माहीत नाही. पण दुकान त्यांचं आहे. निदान त्यांचं म्हणणं पोचू तर दे."

सिस्टरला वाटलं, घरचं भांडण आहे, आपण निघावं. पण तिचा पट्टा बाबांच्या दंडावर होता, त्यामुळे ती बसून राहिली. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी येऊन उभी राहिली होती.

पोचपावती बाबांसमोर जमिनीवर बसली आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. वेतानं आयुष्यभर कापलेली बोटं अजून खरखरीत होती. काय विचारायचं ते मनात ठरवून आली होती, पण तोंडातून आलं भलतंच.

"बाबा, माझ्यावर रागावलात का?"

बाबा तिच्याकडे बघत होते. ओठ हलले. खोलीत कुणी बोलत नव्हतं. इतकं गप्प बसायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती. दादानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला, जुडगा या हातातून त्या हातात घेतला, आणि त्याला राहवलं नाही.

"बाबा, दुकान देऊन टाकू का?"

पोचपावतीनं डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात बाबा बोलले.

"नाही गं."

दादाचे खांदे पडले. "नाही म्हणाले," तो पुटपुटला. "बरोबर आहे तुझं."

"ते मला होतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "तुझं उत्तर अजून यायचंय. थांब."

दादा थांबला. हळूच बाबांच्या समोर येऊन बसला, गुडघ्यांवर, लहान मुलासारखा. वहिनीनं पदर तोंडाशी धरला होता. बोलघेवडी सिस्टर ओठ घट्ट मिटून बसली होती. बाहेर कुणाचा तरी टेम्पो गुरगुरत गेला. बाबांचा चेहरा ताणला गेला, सैल पडला, पुन्हा ताणला गेला. दोनदा दादाच्या जिभेवर शब्द आला आणि दोनदा त्यानं तो गिळला. आजवर त्या दोघांना निव्वळ शून्य दिसत आलं होतं, त्या शून्यात बाबा केवढी मेहनत करत होते ते आता दिसत होतं.

"नको देऊ," बाबा म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. कुणी हललं नाही. "एक... खुर्ची राहिलीय."

"कुणाची, बाबा?" दादानं विचारलं. आणि यावेळी विचारून तो गप्प बसला.

खूप वेळानं बाबांनी डावा हात पोचपावतीच्या हातातून सोडवून घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे उचलला.

"सूनबाईची. पाठ... दुखते तिची. मी मनाशी म्हटलं होतं... करतो म्हणून."

वहिनीला आठवायला क्षणभर लागला. कधीतरी, झटका यायच्या कितीतरी आधी, भाजी निवडताना ती सहज म्हणाली होती, या स्टुलावर बसून पाठीचा पार भुगा होतो. बाबा काही बोलले नव्हते. ऐकलं की नाही हेही तिला कळलं नव्हतं. ठेंगणी, रुंद पाठीची खुर्ची. चौकटवाल्याला द्यायला निघालेली. ती तिथेच दाराला टेकून रडायला लागली आणि कुणी तिला उगी राहा म्हटलं नाही.

दादानं जुडग्यातून दुकानाची किल्ली काढायला घेतली. कडी जुनी आणि घट्ट होती. नख मोडलं, पण निघाली. ती त्यानं बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवली. मग बाहेर जाऊन चौकटवाल्याला फोन केला, की तुमची माफी मागतो, बाबा नको म्हणालेत. चौकटवाला म्हणाला, "ते बोलले? मग झालं तर. सांगा त्यांना, दुकानावर मी लक्ष ठेवतो."

ॲपचं तिनं पुढच्या आठवड्यात केलं. थांबायची मुदत वाढवली आणि तो नियम काढून टाकला. उत्तर कितीही उशिरा आलं, कुठल्याही हाकेचं असलं, तरी ते आलंय म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे, असंच ॲपनं धरायचं. खालच्या वस्तीतली लाल पट्टी जवळजवळ गेली. तुला हे सुचलं कसं, असं ऑफिसात एकानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माहेरी गेले होते." तो पुढचं ऐकायला थांबला नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी सिस्टर निघून गेल्यावर वहिनीनं तोंड धुतलं आणि सुपाची वाटी घेऊन बाबांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"बाबा, सूप घेता ना?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. वहिनीही बघत राहिली. पोचपावतीला सवयीनं बोलायचं होतं की गरम आहे तोवर घ्या, पण ती गप्प राहिली. दादा भिंतीला टेकून बसला होता, मोडलेलं नख तोंडात धरून. वाटीवरची वाफ हळूहळू विरळ झाली, मग दिसेनाशी झाली. वर साय धरायला लागली. वहिनी जागची हलली नाही.

"घेतो," बाबा म्हणाले.

"आणते हं," वहिनी म्हणाली, आणि ते पुन्हा गरम करायला आत गेली.